चाकरमानी

2025च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर सरकारी पातळीवरून सूचना निघाली : 'चाकरमानी' नको, 'कोकणवासीय' म्हणा. 'चाकर' खटकला असणार. फारसीत चाकर म्हणजे सेवक, हे खरेच. पण मालवणात 'चाकरमानी इले' म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे सेवक येत नाही. मुंबईहून आलेला घरचाच माणूस येतो.

चाकरी कोकणाला आधीही होती, पलटणीतली. तिला गर्दी मिळाली ती कापडामुळे. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली, 1856मध्ये ती चालू झाली. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी जिल्ह्याने त्यांना माणसे पुरवली. सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. गावी 'गिरण' म्हणजे भात भरडायची. 'झील (मुलगा) गिरणीत लागलो' म्हटले की मात्र ती लालबाग-परळची.

तिथली भाषा तरी कुठे आपली होती? पगार पोर्तुगीजांच्या 'पागार'वरून आलेला, अर्थ पैसे चुकते करणे. मुकादम आणि बदली मुळात अरबी. मागाला 'साचा' म्हणत. मराठीत साचा म्हणजे ठसा, पण गुजरातीत 'संचो' म्हणजे यंत्र, आणि मालक बहुतेक पारशी-गुजराती. तेव्हा हा अर्थ त्यांच्याकडूनच आला असावा. सर्वांत मजेदार 'त्रासनखाते', म्हणजे सूत कातायचे खाते. माझ्या मते यामागे 'थ्रॉसल' आहे. थ्रॉसल म्हणजे कस्तुराच्या जातीचा गाणारा पक्षी. कातण्याच्या यंत्राची गुणगुण ऐकून इंग्रजांनी त्यालाही तेच नाव दिले. आमच्या माणसाच्या नाकातोंडात दिवसभर कापसाची भुकटी जायची, त्याला त्या शब्दात गाण्याऐवजी त्रास ऐकू आला. शब्दाची अशी दुरुस्ती विद्वानांना सुचली नसती. अस्सल घरची म्हणावी ती सुताची कांडी, हातमागापासून चालत आलेली.

1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला आणि वर्ष व्हायच्या आत, 18 जानेवारी 1982ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. कित्येक जण कायमचे गावी परतले. साचा, त्रासन हे शब्द त्या पिढीबरोबर संपत आले. चाकरमानी उरला, कारण तो खात्याला नव्हे, मुंबईला बांधलेला होता. आज दिव्याला नाहीतर विरारला राहून संगणकावर काम करणारी मुलगीही चाकरमानीच. तिला कोकणवासीय म्हणायचे, तर बारा महिने मालवणात राहणाऱ्या तिच्या काकांना काय म्हणायचे?