केळ्याची कीर्ती आणि गव्हाचा अपराध

दुखण्यातून उठलेल्या मुलास काय द्यावे, हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या घरांतून केळ्याचे नाव पहिल्याप्रथम निघते. ते सोलण्यास सोपे, खाण्यास मऊ व किमतीने हलके. दूध-साखर घालून त्याचे शिकरण केले की पोळीस तोंड न लावणारे मूलही पोळी खाते. शंभर ग्रॅम गरात सुमारे ८९ कॅलरी, २३ ग्रॅम पिष्ट व शर्करा, साडेतीनशे मिलिग्रॅमवर पोटॅशियम आणि ‘ब६’ जीवनसत्त्वाचा बराच अंश असतो; तेव्हा ही प्रतिष्ठा निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंगी गुण असणे निराळे आणि रोग बरा केल्याचे श्रेय मिळणे निराळे. ह्या दोहोंची गल्लत झाली असता काय अनर्थ होतो, हे दाखविणारी एक हकीकत विसाव्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासात आहे. तीच आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सीलियाक नावाचा एक रोग आहे. अंगावरचे दूध कमी होऊन धान्याचे अन्न सुरू झाल्यावर धडधाकट मूल हळूहळू खंगू लागते. हातपाय काडीसारखे होतात, पोट नगाऱ्यासारखे फुगते, आणि खाल्लेले अन्न अंगी न लागता बाहेर पडते. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी ह्यांनी १८८८ साली ह्या रोगाचे चांगले वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग बरा होणे असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा एक बालरोगी हॉलंडच्या शिंपल्यांवर उत्तम पोसला गेला. पण शिंपल्यांचा हंगाम सरताच दुखणे उलटले, आणि पुढील वर्षी ते मूल शिंपल्यांस शिवेना. इतके जवळ येऊनही डॉक्टरांचा नेम चुकला. त्यांनी तांदूळ वर्ज्य केला आणि दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाच्या पातळ कापांस मोकळीक दिली! निरपराध्यास शिक्षा झाली व अपराधी ताटात राहिला.

ह्यानंतर न्यूयॉर्कचे बालवैद्य सिडनी हास पुढे आले. १९२४ साली त्यांनी दहा मुलांचा वृत्तांत छापला. पैकी ज्या आठांस केळ्यांचा आहार दिला ती बरी झाली. ज्या दोघांस तो मिळाला नाही ती दगावली. आईबापांनी आशा सोडलेली मुले हसू-खेळू लागली, हे डोळ्यांपुढे दिसत असता कोण शंका घेणार? अमेरिकेत ही चिकित्सा पसरली, व पुढील पाव शतक केळे हे त्या रोगावरील दिव्य औषध गणले गेले. आणि ह्या उपायाने कित्येक मुले खरोखर वाचली, हेही तितकेच खरे.

मात्र हास ह्यांच्या पथ्यात केळ्याइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट होती. पाव, बिस्किटे, बटाटे व झाडून सारी धान्ये त्यांनी बंद केली होती. पोर्तो रिको बेटावरील एक दाखला त्यांच्यापुढे होता. पाव खाणाऱ्या नगरवासीयांस स्प्रू नावाचा ह्याच जातीचा रोग होई, आणि केळ्यांवर राहणारे शेतकरी त्यापासून मुक्त असत. ह्या दाखल्याचे दोन अर्थ होऊ शकत होते. केळे तारते हा एक, पाव मारतो हा दुसरा. डॉक्टरांनी पहिला घेतला. दानाकडे दृष्टी सहज जाते. वर्ज्य केलेल्या वस्तूकडे ती क्वचितच वळते.

दुसरा अर्थ हॉलंडात उलगडला. हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयाचे डॉक्टर विलेम कारेल डिके ह्यांस १९३०च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. पुढे महायुद्ध आले, आणि १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भयंकर दुष्काळ पडला. लोक ट्युलिप फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. पाव मिळेना, आणि केळी तर कोठलीच! अशा उपासमारीतही सीलियाकची मुले बिघडली नाहीत. उलट पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांनी पद्धतशीर प्रयोग करून १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. गव्हातील ग्लूटेन हा चिकट अंशच खरा दोषी, हे पुढील दोन-तीन वर्षांत तेथे व इंग्लंडात सिद्ध झाले. केळ्याने काही केले नव्हते. त्याने केवळ पावाची जागा अडविली होती.

कोणी म्हणेल, मूल वाचले ना, मग श्रेय कोणासही मिळो. परंतु गोम येथेच आहे. केळ्याने रोग समूळ जातो, अशी हास ह्यांची दृढ समजूत होती. तब्येत सुधारल्यावर मुलास पूर्ववत सर्व अन्न देण्यास हरकत नाही, असा तिचा अर्थ झाला. ती मुले मोठी होऊन पुन्हा पाव खाऊ लागली, आणि वरवर निरोगी दिसत असता त्यांच्या आतड्यांची हानी चालू राहिली. उपाय बरोबर, पण कारण चूक. त्याचा दंड रोग्यांनी भोगला. १९५१ साली पुत्रासह लिहिलेल्या ग्रंथातही हास आपल्या मतास चिकटून राहिले.

असे असता केळ्यास निर्गुण ठरविणे हाही अन्यायच. ढाका येथे चिघळलेल्या अतिसाराच्या तान्ह्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. काहींस भाताच्या पेजेत शिजविलेले हिरवे केळे कालवून दिले, काहींस नुसती पेज. चार दिवसांत केळे खाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अतिसार थांबला. नुसत्या पेजेवर फार थोड्यांचा. कच्च्या केळ्यातील पिष्टाचा बराच भाग लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात जातो. तेथे त्यापासून होणारी आम्ले पाणी व क्षार शोषून घेण्यास मदत करितात. येथे तुलनेस दुसरा गट होता, बाकी अन्न सारखे होते. म्हणून हे श्रेय निःसंशय केळ्याचे.

आमच्याकडे केळे नाना रूपांनी खाल्ले जाते. कच्च्याची भाजी, केळफुलाची भाजी, वसईची सुकेळी. पिकलेले तसेच वा शिकरणात. ही चाल उत्तम आहे. मात्र मूत्रपिंडाच्या रोग्याने पोटॅशियमविषयी वैद्यास विचारावे व मधुमेह्याने माप सांभाळावे. पण घरातील एखादे मूल शिकरण-पोळी, रव्याची खीर, शेवया असे सारे पौष्टिक खाऊनही खंगत चालले, तर केळ्यांची संख्या वाढवू नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून एकदम पोळी बंदही करू नये. कारण गहू सोडल्यावर तपासणीत रोग सापडत नाही. आधी रक्त तपासवावे. रोग ठरलाच, तर गहू व जव जन्मभर वर्ज्य; तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी ह्यांत तो अंश नाही. मग शिकरणाची वाटी तीच राहील, फक्त तिच्या शेजारी पोळीऐवजी भाकरी येईल.