भिगवणची मच्छी थाळी आणि पाण्याखालची गावं

मागच्या रविवारी घरी पाहुणे आले होते. पिंपळी-बारामतीकडं मच्छी खाणारे पाहुणे आले की बेत ठरलेलाच असतो, "चला भिगवणला!" गेलो. हॉटेल जुनं, वडील आम्हाला न्यायचे तेव्हापासूनचं. टेबलं बदलली, पाटी बदलली, तव्यावरच्या मसाल्याचा वास मात्र तोच. सवयीनं कटल्याचा रस्सा सांगितला. वाढपी हळूच म्हणाला, "दादा, कटला आज आंध्रचा आहे, बर्फातला. धरणाचं ताजं पाहिजे असेल तर चिलापी घ्या."

पोरगं खरं बोललं, त्याचा राग नाही. पण उजनीच्या काठावर बसून आंध्रचा मासा खायचा, हे काही पचलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे भिगवणची मच्छी ही काही पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा नाही. आपण देशावरची माणसं. आपल्या आजीच्या चुलीवर मासा म्हणजे आठवडे बाजारातली सुकट आणि सुके बोंबील. ताजा मासा मिळायचा तो भोई समाजानं भीमेत, नीरेत धरलेला, तोही पावसापाण्याच्या हंगामात. रविवारी हॉटेलात जाऊन मच्छी थाळी खायची, ही सवय आली ती उजनी धरण झाल्यावर.

१९६९ साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० साली पूर्ण झालं. भीमेवरचं हे धरण आहे माढा तालुक्यात, पण पाण्याचा फुगवटा आला इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. पाण्याखाली गेली ती नदीकाठची काळीभोर जमीन. गावं उठली, देवळं सोडून माणसं वर माळावर आली. जुनं पळसदेव गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की पळसनाथाचं मंदिर बाहेर येतं आणि आपण फोटो काढायला गर्दी करतो. त्याच देवळाच्या आसपास कुणाचं तरी घर होतं, कुणाचा तरी गोठा होता. डिकसळच्या जुन्या पुलावरून पूर्वी रेल्वे जायची. धरणामुळं तो मार्गही हलवावा लागला.

आपल्या पिंपळीला इंग्रजांच्या काळापासून नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे. आपल्याला पाणी मिळालं आणि ऊस झाला. शेजारच्या इंदापूरच्या भीमाकाठाला मात्र आधी पाण्यानं जमिनीवरून उठवलं. ज्यांची शेती गेली त्यातल्या काहींनी जाळं हातात घेतलं. भोई समाजाकडं हे कसब आधीपासूनच होतं. भिगवणला मासळीचा लिलाव सुरू झाला, पुणे-सोलापूर हायवेवर गाड्या थांबू लागल्या आणि मच्छीची हॉटेलं उभी राहिली. मटण थाळी तिथंही मिळते, पण भिगवणचं नाव झालं ते मच्छीवर. कुंभारगावला रोहित पक्षी बघायला येणारा पुण्याचा माणूससुद्धा जेवायला तिथंच बसतो.

आता माशाकडं येऊ. कटला, रोहू, मृगळ हे मासे थांबलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून बीज तयार करून तळ्यात सोडता येऊ लागलं. याचा साधा अर्थ असा की धरणात कटला पाहिजे असेल तर नेमानं बीज सोडावं लागतं आणि ते मोठं होईपर्यंत थांबावं लागतं.

चिलापीचं तसं नाही. मूळची आफ्रिकेची ही जात १९५२ साली भारतात आली. ती थांबलेल्या पाण्यातही वाढते आणि मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी ती तग धरते. म्हणूनच आज ताटात चिलापी जास्त आणि कटला कमी. चिलापी चवीला वाईट नाही, गरिबाला परवडणारी आहे. पण एकटी चिलापीच उरणं हे पाणी बिघडल्याचं लक्षण आहे.

पाणी का बिघडलं, हे आपल्याला माहीत आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि पुढं उजनीत येऊन थांबतं. वरून जलपर्णी. त्यात वडाप म्हणतात त्या बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटाएवढं पिल्लूसुद्धा ओढून काढलं जातं. वाढायलाच दिलं नाही तर मोठा मासा येणार कुठून?

अजून एक. धरणाच्या तळाच्या सुमारे ६३ टीएमसी पाण्याला सरकारी कागदावर 'मृत साठा' म्हणतात. मच्छीमाराची उन्हाळ्यातली रोजीरोटी त्याच पाण्यात असते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. पेपरात पिण्याच्या पाण्याची बातमी आली, उसाची आली. मासा आणि मच्छीमार यांची किती आली, आठवून बघा.

मागणी फार मोठी नाही. दरवर्षी पावसाळ्यात पुरेसं बीज सोडा आणि किती सोडलं याचा आकडा गावात लावा. विणीच्या दिवसांत बारीक जाळी बंद म्हणजे बंद, त्या काळात मच्छीमाराच्या घराला काही आधार द्या. शहरांनी घाण पाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं. निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्यांना उसाच्या दराबरोबर हेही विचारा.

आणि पुढच्या वेळी भिगवणला जेवायला बसाल तेव्हा वाढप्याला एवढं विचारा, "मासा कुठला?" गिऱ्हाईक रोज विचारायला लागलं की हॉटेलवाला लिलावात विचारेल, आणि लिलावातला माणूस साहेबाला विचारेल. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या पोरांना निदान मासा तरी मिळू द्या.

पाहुण्यांनी चिलापी आवडीनं खाल्ली. जाताना म्हणाले, "उजनीचा कटला पुढच्या वेळी." मी हो म्हणालो खरं, पण तो मिळेल याची खात्री मला देता आली नाही.