तात्यांचं मशीन

आमच्या गावात लाऊडस्पीकरला ‘मशीन’च म्हणायचे. लग्नसराईत तालुक्याहून मशीनवाला यायचा. सोबत पत्र्याचा जड डबा, दोन कर्णे, लाखेच्या तबकड्यांची पेटी. कर्णे लिंबावर चढायचे. बटण दाबलं तरी आवाज लगेच यायचा नाही. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल व्हायचे, तवर आम्ही पोरं डब्याच्या फटीला डोळा लावून बसायचो. ती आमची पहिली शाळा.

तात्या, म्हणजे माझे चुलते, मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तात्या वर्षभर वाट बघून गावी आले. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेलं एक मशीन. बोनसच्या पैशातून चोरबाजारात जुनं घेतलेलं. त्याला दोन लाकडी डबे आणि रेकॉर्ड प्लेअर. वीस वर्षांच्या मुंबईतून एवढंच माघारी आलं.

हे मशीन वेगळं होतं. व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर. म्हणून बटण दाबताच चालू. कर्ण्याचा आवाज एकच असायचा, इथं डाव्या डब्यात एक, उजव्यात दुसरा. जोडायचं काम माझ्याकडं आलं, कारण विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर मी उघडायचो, तेवढीच माझी विद्या. पहिल्या दिवशी प्लेअरची वायर ‘टेप’च्या भोकात घातली. गाणं डासासारखं गुणगुणायला लागलं. तात्या हसले. “अरं, त्या सुईचा करंट लई बारीक असतोय. त्याला ‘फोनो’चं भोक येगळं असतं.” दुसरी चूक अशी, की एका डब्याच्या लाल-काळ्या वायरी उलट्या बसल्या. आवाज यायचा, पण ढोलकीचा दणका गायब. एक डबा हवा पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय, मग दणका राहणार कुठून? तात्यांनी टॉर्चचा एक सेल वायरीला क्षणभर लावला. पडदा पुढं आला, तर सेलच्या डोक्याकडची वायर लाल. आजही मी तसंच बघतो.

तिसरी चूक मात्र महागात पडली. १९८४ च्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी मशीन मागितलं. आणखी दोन डबे आणले. वायर पुरेना, म्हणून चारही डबे मी एकाच बाजूला शेजारी शेजारी जोडले. मागं ‘८ ओहम’ लिहिलं होतं, पण वाचतो कोण? आठाचे चार डबे असे जोडले, की मशीनला दोनच ओहम दिसतात. पाइप बुडाला फुटला, की मोटारीवरचा दाब जातो आणि ती जादा अँपिअर ओढते, तसंच हे. फ्यूज उडाला. मी स्टार्टरला घालतो तसली जाड तार घातली. आरती व्हायच्या आत धूर निघाला.

रात्री मशीन डोक्यावर घेऊन घरी आलो. तात्या ओसरीवर होते. त्यांनी झाकणाला हात लावून बघितला, अजून कोमट होतं. म्हणाले, “गिरणीत काय जळलं तर आमचा जॉबर आधी इचारायचा, कुणाचा हात गेला का? तुझा हात शाबूत हाय न्हवं? मग झालं.” पुन्हा त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही. ते माळ्यावर गेलं. तात्याही पुढं गेले. मी दुरुस्तीचं उद्यावर ढकलत राहिलो, ते मनात सलतंच.

परवा नातवानं ते खाली काढलं. साठीनंतर मी पुन्हा पहिलीत बसलो. तालुक्याच्या रेडिओवाल्यानं पहिला धडा दिला तो सिरीज बल्बचा. शंभर वॅटचा बल्ब मधे घालून चालू करायचं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट. आमचा भगभगीत राहिला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणले, खाली नवा अभ्रक आणि पेस्ट. मोठे कंडेन्सर वाळले होते, तेही बदलले. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून असतो, तो आधी उतरवला. आणि फ्यूज लिहिलाय तेवढ्याचाच घातला. नातवाला मोबाइलवरची गाणी हवी होती. मागच्या भोकात छोटा ब्लूटूथचा डबा लावला, पण मूळ पेटीला एकही छेद दिला नाही.

मग नवी सुई बसवून तात्यांची भजनाची तबकडी लावली. काकू काठी टेकत आल्या, उंबऱ्यावर बसल्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “बारीक कर. ते एवढा मोठा लावीत न्हवते. चाळीत शेजारी रातपाळीचा माणूस झोपलेला असायचा.”

मी आवाज बारीक केला.