चौकडीचं कापड आणि मोजलेले टाके

आजचा भाग कापडाबद्दल आहे. नाशिकच्या मेन रोडवर एखाद्या कापडाच्या दुकानात 'बारीक चेक्स दाखवा' म्हटलं की निळ्या-पांढऱ्या, लाल-पांढऱ्या चौकडीचा सुती तागा समोर येतो. इंग्रजीत हेच गिंगहॅम. शब्द मुळात मलय भाषेतला. 'गेंगांग' म्हणजे पट्टेरी. डच व्यापाऱ्यांच्या तोंडून तो सतराव्या शतकात युरोपात पोचला. ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जे सुती कापड नेत होती, त्यातही गिंगहॅम असायचं. पुढे अठराव्या शतकात मँचेस्टरकडच्या मागांवर पट्ट्यांच्या चौकडी झाल्या, आणि आज आपण ते 'फॉरेनचं डिझाइन' म्हणून बघतो!

याची गंमत विणीत आहे. उभ्या धाग्यांत एक पट्टा रंगीत, एक पांढरा, आणि आडव्यातही तसंच. रंगीतवर रंगीत आलं की गडद घर, पांढऱ्यावर पांढरं आलं की पांढरं घर, आणि मिसळ झाली की फिकं घर. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला तर हा तयार ग्रिडच दिसतो.

अमेरिकेतल्या बायकांनी याच ग्रिडवर भरतकाम केलं, त्याला म्हणतात चिकन स्क्रॅच. कोंबडीने माती उकरावी तसे टाके! दुसरं नाव डिप्रेशन लेस, कारण ते 1930 च्या दशकातल्या महामंदीशी जोडलं जातं. खरी लेस परवडत नाही, तर स्वस्त चौकडीवर दोऱ्याने लेसचा भास आणायचा.

सुरुवात करायची तर पाव इंची चौकडी घ्या. छापील नको, विणलेलीच घ्या. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. कापड आधी धुवा, रिंगमध्ये ताणा आणि सहापदरी दोऱ्याचे दोन पदर वापरा. टाके तीनच. गडद घरात पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी फुली, म्हणजे आठ टोकांची चांदणी. पांढऱ्या घरात तशीच चांदणी, पण गडद दोऱ्याने. मग एखादं घर मधोमध धरून त्याच्या चारी बाजूंच्या फिक्या घरांत एकेक सरळ टाका घाला, टोक मधल्या घराकडे. शेवटी पांढरा दोरा कापडात न टोचता या चार टाक्यांखालून फिरवा. गोल तयार, आणि लांबून बघितलं तर लेस!

आता आपल्याकडे या. बेळगाव-धारवाड पट्ट्यात कशिदा आहे, कन्नडमध्ये 'कसुती'. आपल्या इरकली लुगड्यांवर तो शोभतो. तिथे चौकडीची मदतसुद्धा नसते. छापा नाही, पेन्सिल नाही. बाई कापडाचे धागे मोजते आणि टाका घालते. टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. (मुर्गीचा आपल्या कोंबडीशी संबंध नाही, नुसता योगायोग!) गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, गाठ कुठेच नाही. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं असं मोजून येतं. 2006 मध्ये कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालं.

मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की धागा मोजता आला की नक्षी उतरवता येते. त्यासाठी चित्रकला यायला लागत नाही, लिहिता-वाचतासुद्धा यायला लागत नाही. एकीने दुसरीच्या लुगड्यावरचे टाके मोजले की झालं. पण म्हणूनच याचा कागद कुठे उरत नाही. कंपनीच्या वह्यांत गिंगहॅमचे थान मोजलेले सापडतात. भरणाऱ्या बाईचं नाव सापडत नाही. तिचं दप्तर म्हणजे ते कापडच. ते पोछ्याला गेलं की इतिहास गेला.

तेव्हा चिकन स्क्रॅच जरूर शिका. पण त्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. आजीचं इरकल, दोसुतीवर भरलेला टेबलक्लॉथ, काहीही सापडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि कुणी भरलं, कुठे भरलं, ते सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारून लिहून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!