दारूबंदीचा ‘दयावान’

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या शिरड शहापुरात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर मी ‘दयावान’ पाहिला. विनोद खन्ना पडद्यावर आला की आम्ही पोरे टाळ्या पिटायचो. १९८८ सालचा हा चित्रपट मणिरत्नम यांच्या ‘नायकन’वरून घेतलेला, आणि त्यामागे मुंबईच्या वरदराजन मुदलियारची छाया, हे पुढे कळले.

वरदराजन मूळचा बोरीबंदरवरचा हमाल. त्याला धनी केले ते दारूबंदीने. १९४९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. ज्याला परवाना मिळे त्याचा पेला भरत राहिला. गरिबासाठी झोपडपट्टीत हातभट्ट्या पेटल्या. तहान तीच राहिली, दुकानदार तेवढा बदलला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या बंदीच्या काळात हेच झाले होते. शिकागोत १९२९ च्या फेब्रुवारीत टोळ्यांच्या वैरापायी सात माणसे भिंतीशी उभी करून मारली गेली.

मग बंदी मागणारे वेडे म्हणायचे काय? वाचकहो, मी शिक्षक आहे. वह्यांचे पैसे बापाने पिऊन टाकले म्हणून वर्गात मान खाली घालून बसणारी मुले मी पाहतो. महाराष्ट्रात गावोगावच्या बाया मतदान करून बाटली आडवी करतात, त्यांना शिकागो ठाऊक नसते; घरातली रात्र ठाऊक असते.

भट्टीवाल्याचे दुःख पाहून आम्ही रडलो होतो. पिणाऱ्याची बायको त्या चित्रपटात कोठे होती, हे मला काही केल्या आठवत नाही. त्या टाळ्या आता परत घ्याव्याशा वाटतात.