सपाता आणि चेकबुक

पु. लं.नी १९७५ साली ‘ती फुलराणी’त जिला मराठी बोलायला लावलं आणि भक्ती बर्वेंनी जिला घरोघर पोचवलं, तिचं माहेर म्हणजे बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. १९१४ च्या एप्रिलात ते लंडनला लागलं. फुलं विकणारी एलायझा विशीच्या आतबाहेरची. काम करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल एकोणपन्नासच्या! प्रेक्षकांनी तेही चालवून घेतलं. नटीचं वय विचारायचा अधिकार फक्त पेन्शन खात्याला.

चालला नाही तो शेवट. शॉची एलायझा प्रोफेसर हिगिन्सला चार गोष्टी सुनावून ताठ मानेने चालती होते. पण हिगिन्स झालेले बीरबोम ट्री पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं भिरकावू लागले. थिएटरही त्यांचंच, बोलतो कोण?

शॉ बोलले. १९१६ साली छापील नाटकाला त्यांनी भलीथोरली पुरवणी जोडली. एलायझाने लग्न केलं ते त्या बावळट पण जीव लावणाऱ्या फ्रेडीशी. दोघांनी फुलांचं दुकान काढलं आणि ते बुडायला आलं. तेव्हा चेकबुक म्हणजे काय, बँकेतलं खातं म्हणजे काय, हे बिचाऱ्या कर्नल पिकरिंगना समजावून द्यावं लागलं. मग नवराबायको होतकरू कारकुनांच्या शेजारी बसून जमाखर्च आणि टायपिंग शिकली. काउंटरमागे उभा जन्म गेलेला माणूस म्हणून सांगतो, याहून हृद्य प्रेमप्रकरण माझ्या वाचनात नाही. नायिकेला खातं समजावून देणारा दुसरा नाटककार दाखवा!

१९३८ साली सिनेमा निघाला. पटकथेत शॉ स्वतः, हिगिन्स लेस्ली हॉवर्ड, एलायझा वेंडी हिलर. आणि शेवटी? एलायझा परत येते नि हा पठ्ठ्या पाठमोराच राहून आपल्या सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो! वर त्याच पटकथेसाठी शॉ आणि आणखी तिघांना ऑस्कर. नको असलेली नोंद आपल्याच सहीने पास झाल्यासारखं ते. १९५० साली शॉ गेले. १९५६ ला ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका आली, १९६४ ला तिचा सिनेमा आणि आठ ऑस्कर. सपाता कायम.

माझं मत शॉच्या बाजूने. फ्रेडी बावळट असेल, पण सपाता स्वतः शोधणारा आहे. हे मी आमच्या हिला तावातावाने सांगितलं. ही तांदूळ निवडत होती.

“परत आली असेल हो,” ही म्हणाली, “पण सपाता आणून दिल्या असं कुठं दाखवलंय?”