विनोदी गाण्यामागचा चेहरा

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया न्यूयॉर्कला, सव्वाशे वर्षं मागे.

तेव्हा रेडिओ नव्हता. गाणं 'हिट' व्हायचं म्हणजे त्याचा छापील कागद खपायचा. लोक तो विकत घ्यायचे आणि घरच्या पियानोवर वाजवायचे. अशी गाणी छापणाऱ्यांची दुकानं न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर होती. त्या गल्लीलाच पुढे 'टिन पॅन ॲली' म्हणायला लागले.

हीच जुनी गाणी घेऊन 1980 मध्ये ब्रॉडवेवर एक कार्यक्रम आला, 'टिनटाइप्स'. टिनटाइप म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर काढलेला स्वस्तातला फोटो. यात सलग गोष्ट अशी नाही. फक्त पाच कलाकार, आणि त्या काळातली माणसं एकामागून एक समोर येतात: राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, बंडखोर एमा गोल्डमन, नटी ॲना हेल्ड, नुकताच बोटीतून उतरलेला एक स्थलांतरित. पुढे हा प्रयोग टीव्हीसाठी चित्रित झाला, म्हणून आज आपण त्याबद्दल नुसतं वाचत नाही, तो बघूही शकतो.

मला त्यातल्या एकाच गाण्याबद्दल बोलायचंय. नाव 'नोबडी'. विनोदी गाणं आहे. एक माणूस रडगाणं गातो, की माझ्या अडचणीत कोण धावून आलं? कुणीच नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क हसलो.

मग ते गाजवणाऱ्याबद्दल वाचलं. बर्ट विल्यम्स. जन्म 1874, बहामातला कृष्णवर्णीय कलाकार. 1906 मध्ये त्याने हे गाणं रेकॉर्ड केलं आणि ते जन्मभर त्याला चिकटलं. पण स्टेजवर तो कसा यायचा माहितीये? तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून. कृष्णवर्णीयांची टिंगल करायला गोऱ्या नटांनी पाडलेली ही प्रथा. तिची लोकांना इतकी सवय झालेली, की खऱ्या कृष्णवर्णीय माणसालाही तेच सोंग घ्यावं लागलं. 1910 मध्ये तो झिगफेल्ड फॉलीज या बड्या शोमध्ये गोऱ्या कलाकारांच्या बरोबरीने उभा राहिला. काजळी मात्र सुटली नाही.

हे कळल्यावर गाणं परत ऐकलं. हसू आलं नाही.

'टिनटाइप्स'मध्ये हे गाणं लिन थिगपेन गाते. तीही कृष्णवर्णीय. शब्द तेच, चालही तीच, पण चेहऱ्यावर काजळी नाही. त्या भूमिकेसाठी तिला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट ही, की त्या 'कुणीच नाही'मागे एक खरा माणूस होता, हे मला तिच्यामुळे कळलं.

जुन्या रेकॉर्डमध्ये विल्यम्सचा आवाज आहे, पण नुसत्या आवाजात काजळी दिसत नाही. म्हणून ते गाणं आपल्याला निरागस वाटतं. जुनी गाणी गोड वाटतात त्याचं हेही एक कारण असतं: काय सोसून ती गायली गेली, ते रेकॉर्डमध्ये उतरत नाही. असे कार्यक्रम फक्त आठवणी जागवायला नसतात. झाकलेला चेहरा ते परत उजेडात आणतात.

तर आज दोन्ही ऐका. आधी विल्यम्स, मग थिगपेन. हसू कुठे थांबलं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!